जास्तीचे तीनशे दाणे

१

बॉर्चर्ट यांच्या बरणीत ११६२ दाणे. लॅनिगन यांच्या बरणीत ८९४. टॉलेफसन यांच्या बरणीत २०४. एकूण २२६०. अर्धे तुटलेले दाणे धरले, भुसा धरला नाही. दोनदा मोजणी केली. दुसऱ्या खेपेला मोना फेअरली माझ्यासोबत होती, आणि आम्ही बरण्यांचा क्रम उलटा घेतला.

दारावर बसलेल्या बाईच्या ॲप्रनला एक छोटं मोजणी यंत्र लटकत होतं. एक दाणा दिला की एकदा दाबायचं. त्याच्यावर आकडा होता १९६०.

म्हणजे वाटलेल्या दाण्यांपेक्षा बरण्यांत तीनशे दाणे जास्त होते.

विनेट काउंटीच्या जत्रेत हे दर निवडणुकीला चालतं. तंबूत शिरताना मक्याचा एक दाणा हातावर मिळतो, आणि आवडत्या उमेदवाराच्या बरणीत तो टाकायचा असतो. त्याला कायद्याची किंमत शून्य. लोक काडीला खोचलेलं डुकराचं मांस चघळत येतात, दाणा टाकतात, हसतात आणि लिंबू सरबताच्या रांगेत जाऊन उभे राहतात. यंदा मात्र त्या दाण्याला किंमत आली होती. वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, आमच्या मतदारसंघातून एकच प्रतिनिधी जातो, आणि त्या जागेसाठी नेहमीच्या दोन पक्षांच्या बॉर्चर्ट आणि लॅनिगन यांच्याखेरीज प्रेअरी पक्षाच्या डॉ. मार्गित टॉलेफसन उभ्या होत्या. स्थानिक रेडिओवर रविवारी उमेदवारांची चर्चा होणार होती. मोना तिथली निवेदिका. तिसऱ्या उमेदवाराला बोलवायचं की नाही यावर महिनाभर वाद घातल्यानंतर तिने जाहीर केलं होतं, की जत्रेतल्या दाण्यांपैकी दहावा हिस्सा मिळाला तर खुर्ची मिळेल. ते यंत्रही तिनेच आणलं होतं. यापूर्वी वाटलेले दाणे कुणी कधी मोजलेच नव्हते.

२२६० मध्ये २०४. नऊ टक्के. खुर्ची नाही.

बातमी फुटायच्या आत आम्ही सगळे जत्रेच्या कचेरीत जमलो. बाहेर दिवसभर वारा सुटला होता. पत्र्याच्या छपराचा एक कोपरा उचलला जाई आणि आपटे, पुन्हा उचलला जाई. त्या आवाजाने कुणालाच एका जागी बसवत नव्हतं. जत्रेच्या मंडळाचे अध्यक्ष एल्विन रस्टाड तेवढे स्वस्थ होते. तीस वर्षं जत्रा चालवलेला माणूस. त्यांची ख्याती एकच: दोन्ही बाजूंना सारखं. तंबूत दोन मोठ्या पक्षांचे फलक त्यांनी स्वतः फूटपट्टी लावून एका उंचीवर टांगले होते. मार्गितचा फलक खांबाला दोरीने बांधला होता, कारण टांगायला हूक दोनच होते.

मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा व्यवस्थापक ग्लेन हार्म्स, ज्याच्या कोठारातून दाण्यांची बादली आली होती, तो आधी बोलला.

"दोनशे चार? या काउंटीत? पंचवीस असते तर मी मानलं असतं. डॉक्टरीणबाईंची बरणी आधी तपासा."

मार्गित दाराजवळ उभी होती. गुरांची डॉक्टर, त्या दिवशीही तिच्या बुटांना शेण होतं. तिने ग्लेनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"डॅग्नी, तू बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत आहेस ना? मग तूच तपास. माझ्या बरणीतला एक दाणा जरी खोटा निघाला, तरी मी आज निवडणूक सोडते."

तिचा नवरा ड्वेन पटकन म्हणाला, "मार्गित, असं बोलू नकोस."

तो असं का म्हणाला, हे मला त्या वेळी कळलं नाही.

२

एल्विन यांनी मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत दिली. तोवर काही निष्पन्न झालं नाही तर आहे तो आकडा जाहीर होणार होता: नऊ टक्के. बरण्या मी मोहोरबंद करून माझ्या गाडीत ठेवल्या, बादलीत उरलेला मकाही घेतला, आणि जत्रेत परत आले.

एखादं पीक का जळालं हे शोधताना मी आधी विचारते, इथे कुणाला काय सोसत नाही? इथेही तेच करायचं ठरवलं. मार्गितचं पत्रक तंबूच्या खांबावर फडफडत होतं. ते मी उभ्या उभ्या वाचलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायची सक्ती काढा. मोठ्या शेतांना मिळणारं सरकारी अनुदान बंद करा, देशावरचं कर्ज आपल्या नातवंडांच्या डोक्यावर ठेवू नका. मांस कारखान्यांत राबणाऱ्या परदेशी मजुरांना रीतसर परवाने द्या. नोकरी गेली तरी औषधोपचार सुटू नयेत. आणि पाचवं, जे मत नसून प्रश्न होता: "काँग्रेसने मत दिल्याशिवाय देश लढाईला जाऊ नये. आपली मुलं गेली, तेव्हा कुणाचा हात वर होता?"

पाच मुद्दे, आणि प्रत्येकाला आमच्या काउंटीत दुखावलं जाणारं कुणी ना कुणी होतंच. मक्याच्या देशात इथेनॉलविरुद्ध बोलणं म्हणजे देवळात उभं राहून देव नाही म्हणणं. म्हणून आधी ग्लेनला गाठलं.

तो ट्रॅक्टरच्या प्रदर्शनात भल्यामोठ्या चाकाला टेकून ॲपल पाय खात उभा होता. माझा संशय त्याने चेहऱ्यावरून ओळखला आणि काटा हवेत फिरवत म्हणाला की बादली त्याची, तंबूचा खर्च त्याचा, एक दुपार तंबूत देखरेखीची पाळीही त्याचीच. तेव्हा बेड्या आणल्या असतील तर घाल. मग जवळ सरकला.

"सक्ती काढा म्हणते. काढा की. मग एवढा मका काय माझ्या डोक्यावर ओतणार आहेत? पण नीट ऐक, पोरी. मला ती रविवारी रेडिओवर हवी आहे. इथेनॉलवर ती एक वाक्य बोलली ना, की नोव्हेंबरपर्यंत तिला तिची कुत्रीसुद्धा मत देणार नाहीत. तिचं तोंड बंद करायला मी कशाला जाऊ? उघडायला पैसे देईन."

बोलणं उद्धट होतं, पण त्यात तर्क होता. ॲपल पाय संपवून त्याने ताटली चाकावर ठेवली. "सेल्बीला विचार. तिला सगळ्यांच्या मतांचा हिशेब पाठ आहे."

३

सेल्बी ही बॉर्चर्ट यांच्या प्रचाराची प्रमुख. वॉशिंग्टनजवळच्या उपनगरातून जूनमध्ये आलेली, आणि अजून गाईला भिणारी. तीही तंबूत देखरेख करून गेली होती. मी विचारलं तेव्हा ती दोन फोनवर एकाच वेळी बोलत होती. एक बंद केला. तिने सरळच सांगितलं: मार्गितला मिळणारी मतं बॉर्चर्टकडून कमी आणि लॅनिगनकडून जास्त येतात. ती चर्चेत आली तर बॉर्चर्टचा फायदाच. मग लॅनिगनच्या लोकांना ती नको असेल, असं मी म्हटलं, त्यावर सेल्बी हसली. असेल, म्हणाली, पण त्यांच्यातल्या कुणी दाणे टाकले असते तर लॅनिगनच्या बरणीत ओतले असते, आणि बॉर्चर्ट असे ढळढळीत पुढे राहिले नसते. "आमच्या धंद्यात कुणी दुसऱ्याच्या बरणीत दाणा टाकत नाही. हातच जात नाही."

हे वाक्य मी डोक्यात ठेवलं. पण त्याने कोडं सुटायच्या ऐवजी घट्ट झालं.

तंबूच्या कुलपाची किल्ली एल्विन यांच्याकडे असे, म्हणून कोण कधी आत गेलं ते विचारायला मी त्यांच्या शेतावर गेले. अंगणात शेजारच्या काउंटीतल्या गुरांच्या डॉक्टरची गाडी उभी होती. एक गाय आडवी पडली होती, म्हणाले. मार्गितचा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. तरी तिला बोलावलं नव्हतं.

ते ओट्यावर बसून कोंबड्यांना दाणे घालत होते. गेल्या वर्षीची कणसं बाजूला टोपलीत. अंगठ्याने आधी टोकाकडचे दाणे झटक्यात उडवले, मग बुडाकडचे. ते कोंबड्यांपुढे पडले. मधले दाणे मुठीत काढून सदऱ्याच्या खिशात घातले. बोलत असताना हात आपोआप चालत होता. आत कुठेही रेडिओ सुरू नव्हता, आणि जत्रेच्या आठवड्यात आमच्याकडे रेडिओ बंद असलेलं घर सापडत नाही.

किल्ली खिळ्यालाच टांगलेली असते, म्हणाले. कुणीही घेऊ शकतं. ड्वेन टॉलेफसन आदल्या संध्याकाळी राहिलेली खुर्ची आणायला किल्ली घेऊन गेला होता.

"मी कुणाचं नाव घेत नाही, डॅग्नी. दोन्ही पक्षांची माणसं माझ्या जत्रेत विश्वासाने येतात. तो विश्वास राहिला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. आकडा आहे तसा जाहीर करून टाक ना. कुणाचं काही बिघडत नाही."

"डॉक्टर टॉलेफसनचं बिघडतं, मिस्टर रस्टाड."

त्यांनी टोपलीतलं पुढचं कणीस उचललं. वाऱ्याने अंगणातला पत्रा वाजत होता.

४

यंत्राने मळलेल्या मक्याचं एक वैशिष्ट्य आहे. मळणी यंत्राच्या दातांतून, मग नळ्यांतून, मग कोठाराच्या उंचीवरून पडताना दाण्याच्या सालीला केसाएवढे तडे जातात. डोळ्यांना दिसत नाहीत. हिरव्या रंगाच्या पाण्यात बुडवून धुतलं की तड्यात रंग राहतो आणि दाण्यावर हिरवी रेघ उमटते. बियाणं उगवेल की नाही, हे आम्ही त्यावरून सांगतो.

ग्लेनच्या बादलीत उरलेले शंभर दाणे मी आधी बुडवले. अठ्ठ्याण्णवांवर रेघ आली, दोन स्वच्छ राहिले. मग मार्गितची बरणी. दोनशे चारपैकी स्वच्छ दाणे चार. शंभराला दोन, अगदी बादलीसारखेच. तिच्या बरणीत बाहेरचा दाणा नव्हता.

मी खुर्चीवरून उठले, खोलीत फेरी मारली, पुन्हा बसले. मग बाकीच्या दोन बरण्या घेतल्या.

बॉर्चर्ट यांच्या बरणीत स्वच्छ दाणे निघाले १७१. लॅनिगन यांच्या बरणीत १६४. खऱ्या दाण्यांत शंभराला दोन स्वच्छ असणारच, ते वजा केले. बॉर्चर्टकडे उरले १५१, लॅनिगनकडे १४९. बेरीज तीनशे.

जास्तीचे दाणे सापडले होते. पण कुणीतरी ते दोघांच्या बरण्यांत सारखे वाटले होते, आणि सेल्बी म्हणाली होती तसा हात कुणाचाच जात नाही. ज्याला बॉर्चर्ट जिंकायला हवे तो लॅनिगनला दीडशे दाणे देणार नाही. ज्याला लॅनिगन हवे तो उलट करणार नाही. म्हणजे ज्याने हे केलं त्याला दोघांपैकी कुणाचंही घेणंदेणं नव्हतं. त्याला फक्त मार्गितचा हिस्सा दहाच्या खाली आणायचा होता.

आणि ते दाणे यंत्राने मळलेले नव्हते. हाताने सोललेले होते. पण हाताने कोण सोलतं? सेल्बीने कणीस कधी हातात धरलं नसेल. ग्लेन ट्रकांनी मका घेतो आणि सगळा भरडतो.

तेवढ्यात फोन वाजला. ग्लेन होता, आणि आवाजात गुळगुळीत आनंद होता. ड्वेन टॉलेफसनच्या गाडीच्या मागच्या भागात सोललेल्या मक्याची एक पिशवी आहे, म्हणाला. मंडळातल्या दोघांनी पाहिली. कोठारातला नाही, घरी सोललेला मका. तुझी डॉक्टरीण आता काय सोडते बघू.

५

मार्गितच्या दवाखान्यामागे एक तळं आहे. मी गेले तेव्हा ड्वेन तळ्याकाठी उभा होता, आणि मार्गित एका वासराच्या पायाला पट्टी बांधत होती. पिशवी दोघांमधल्या बाकावर ठेवली होती, कुणी पुरावा मांडावा तशी.

ड्वेनने माझ्याकडे न पाहताच सांगितलं: तो मका बदकांसाठी. घरी हँडल फिरवायचं जुनं यंत्र आहे, त्यात कणीस घालतो. कचेरीत तो मार्गितला गप्प बसायला का म्हणाला? कारण ती पिशवी गाडीत आहे हे त्याला माहीत होतं, आणि लोक काय बोलतील हेही. "दोन वर्षं ही एकटी गावोगाव फिरतेय, डॅग्नी. सह्या गोळा करायला लोकांच्या गोठ्यात गेली. एका पिशवीवर सगळं बुडायला नको म्हणून बोललो."

मार्गितने पट्टीची गाठ मारली. "तू खरंच काही केलं नाहीस?"

"नाही."

"मग डॅग्नीला पिशवी दे."

मी पिशवीतले दाणे बाकावर पसरले. चपटे होते, तसे गोलही होते. कणसाच्या मधले दाणे एकमेकांना दाबून चपटे होतात. टोकाकडचे आणि बुडाकडचे मात्र गोल राहतात. पूर्ण कणीस सोललं की गोल दाणे येणारच. ड्वेनच्या पिशवीत साधारण चारात एक गोल होता.

माझ्या गाडीत डबीत बरण्यांतले स्वच्छ दाणे होते. मी तेही ओतले. तीनशे पस्तीस दाण्यांत गोल निघाले आठ, आणि बादलीचे स्वतःचे स्वच्छ दाणे हिशेबात धरले तर तेवढे यायलाच हवे होते. बाहेरून आलेल्या तीनशेंत गोल जवळजवळ एकही नव्हता. कुणीतरी कणसाची दोन्ही टोकं आधी काढून टाकली होती. कोंबड्यांना घातली असतील. मग मधले तेवढे ठेवले.

फसवाफसवी करायची तर कुठलेही दाणे चालले असते. पण ज्याचा हात आयुष्यभर बियाण्याचे आणि जत्रेतल्या स्पर्धेचे दाणे निवडत आला, त्याला बरणीत वाकडा दाणा टाकवत नाही.

मी मार्गितला विचारलं की तिच्या पत्रकातल्या पाचव्या मुद्द्यावर ती सभांत काय बोलते. तिने हात धुतले, पुसले, आणि उगाच पुन्हा धुतले.

ती सैन्यात पशुवैद्य होती. लढाई चालू असलेल्या वाळवंटात कुत्र्यांवर उपचार करायची. सुरुंग हुंगणारी कुत्री. त्यातल्या एकाला सांभाळणारा मुलगा आमच्याच काउंटीतला होता, कर्ट रस्टाड. एल्विन यांचा. कुत्रा परत आला, कर्ट आला नाही. जत्रेतल्या गुरांच्या मंडपावर त्याच्या नावाची पाटी आहे, आम्ही सगळे रोज तिच्याखालून जातो.

"त्या मोहिमेवर काँग्रेसने कधी मतदान घेतलंच नाही," ती म्हणाली. "चारशे पस्तीस प्रतिनिधी, एकाचाही हात वर झाला नाही, खालीही नाही. मी तेवढंच म्हणते. कर्टचं नाव कधी घेत नाही. ते नाव त्याच्या वडिलांचं आहे."

"ते तुमची सभा ऐकायला आले होते?"

"मिरवणुकीत आले होते. कर्ण्यावरून अर्धं ऐकलं आणि निघून गेले. त्यानंतर मला गोठ्यात बोलावलं नाही."

इथेनॉलवरून चिडलेला माणूस तिला रेडिओवर आणायला उत्सुक होता. मतांचा हिशेब करणारी बाईही. तिला बोलायला मिळू नये, असं फक्त त्याच माणसाला वाटणार होतं ज्याला ते ऐकवणार नव्हतं. आणि रविवारी ते घरोघरी ऐकू जाणार होतं.

मी दाणे डबीत भरले. दोन दाणे बाकाखाली गेले, ते वाकून शोधले आणि परत टाकले.

६

एल्विन प्रदर्शनाच्या दालनात होते. दहा कणसांच्या स्पर्धेची ताटं मांडत होते, प्रत्येक कणीस दुसऱ्याच्या सरळ रेषेत. त्या स्पर्धेचे परीक्षक तेच. मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता आणि बाहेर लोक जमू लागले होते. पत्रा वाजतच होता.

मी डबी टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, एक दाणा उचलून उजेडात धरला. स्वतःच्या गाईला ओळखावं तसं त्यांनी तो ओळखला.

"किती सापडले?"

"तीनशे. बॉर्चर्टकडे एकशे एक्कावन्न, लॅनिगनकडे एकशे एकोणपन्नास. एखादा इकडेतिकडे असेल."

"इकडेतिकडे नाही. दीडशे आणि दीडशे. मी मोजून टाकले."

मी विचारलं, "दोघांना सारखे का?"

त्यांना प्रश्नच समजला नाही असं वाटलं. "एकाला जास्त दिले असते तर ती लबाडी झाली असती."

"आणि डॉक्टर?"

ते ताटातलं एक कणीस उगाच सरळ करत राहिले. ते आधीच सरळ होतं. मग खुर्ची ओढून बसले, आणि पहिल्यांदाच मला ते अस्वस्थ दिसले.

"ती म्हणते, कुणी मतच दिलं नाही. कुणाचा हात वर झाला नाही. भर रस्त्यात, कर्ण्यावरून. माझी बायको शेजारी उभी होती. एवढी वर्षं आम्ही म्हणत आलो की देशाने बोलावलं म्हणून पोरगा गेला. आता रविवारी सगळी काउंटी ऐकणार, की देशाने बोलावलंच नव्हतं." त्यांनी दाणा डबीत टाकला. "मग माझा कर्ट गेला तेव्हा हात कुणाचा वर होता, सांग ना."

माझ्याकडे खांबावरून काढलेलं पत्रक होतं. मी ते त्यांच्यापुढे ठेवलं आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला. वाचलं. पुन्हा वाचलं. बाहेरून मोनाने माझ्या नावाने हाक मारली. एल्विन यांनी पत्रकाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली, ज्या खिशात दाणे असायचे.

"तू कुणाचं नाव सांगणार आहेस?"

"मला फक्त आकडे सांगायचेत. दाणे कुणी टाकले ते रेडिओने विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

"नकोच बोलूस," ते म्हणाले आणि उठले.

गुरांच्या मंडपात, त्या पाटीखाली, मोनाने ध्वनिमुद्रण सुरू केलं होतं. ग्लेन पुढे उभा होता, सेल्बी फोन कानाला लावून, ड्वेन आणि मार्गित कडेला. मी बोलायच्या आधी एल्विन मधे आले आणि मोनाच्या हातातला माईक त्यांनी स्वतःकडे वळवला.

"जास्तीचे तीनशे माझे आहेत. दीडशे याच्यातून काढा, दीडशे त्याच्यातून. ड्वेनच्या पिशवीचा काही संबंध नाही. मंडळाने नवा अध्यक्ष बघावा."

ग्लेनने टोपी काढली, का ते त्यालाही कळलं नसावं. एल्विन गर्दीतून वाट काढत मार्गितसमोर जाऊन थांबले. एवढे जवळ, की ती एक पाऊल मागे सरकली.

"त्याचा कुत्रा तूच बरा केलास?"

"हो. उजवा पाय होता."

त्यांनी मान हलवली. पाटीकडे पाहिलं नाही.

"रविवारी बोलायचंच असेल तर अर्धवट बोलू नकोस. त्याचं नाव घेऊन बोल. आणि त्या दोघा उमेदवारांना विचार, तो हात कुणाचा होता."

मग ते गोठ्याच्या बाजूने निघून गेले. मार्गित बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली, नंतर औषधांची पिशवी खांद्यावर टाकून त्यांच्या मागे गेली. त्यांची एक गाय अजून आडवी पडली होती.

मोनाने माईक माझ्यापुढे धरला आणि अंतिम मोजणी नोंदीसाठी सांगायला सांगितलं.

बॉर्चर्ट १०१२. लॅनिगन ७४४. टॉलेफसन २०४. एकूण १९६०, दारावरच्या यंत्राइतकेच. टॉलेफसन यांचा हिस्सा: दहा पूर्णांक चार दशांश टक्के.